मामांचा कासरा आणि माझ्या गोळ्या

मी स्वभावाने उतावळा. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," असं आई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून म्हणायची. डॉक्टर झालो तरी खोड गेली नाही. उलट आता हातात औषधं आली, त्यामुळे उतावळेपणा दुसऱ्याच्या अंगाशी यायची सोय झाली. एका माणसाच्या बाबतीत तो अंगाशी आला असं मी तीन महिने धरून चाललो होतो. माझ्या गोळ्यांनी त्याच्या अंगावरून वारं गेलं का, हा एकच प्रश्न त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात होता. वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू. आमच्याकडे कुणी अर्धांगवायू म्हणत नाही.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी मुंबईहून पास होऊन कर्जतच्या बाजारात दवाखाना थाटला होता. दोन खोल्या, एक बाकडं, एक कपाट, आणि माझ्या दुप्पट वयाचा कंपाउंडर. कंपाउंडरने आधीच्या डॉक्टरांकडे अर्धं आयुष्य काढलेलं, त्यामुळे मी काही नवीन बोललो की तो भिंतीकडे बघायचा. मला ते बघणं चांगलंच झोंबायचं.

त्या दसऱ्याच्या सुमारास मुंबईहून एक पार्सल आलं. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत गार्डाने ते फलाटावर उतरवलं आणि मी ते पोराटोरासारखं छातीशी धरून पळत दवाखान्यात आणलं. आत दोन वस्तू होत्या. एक रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र, लाकडी पेटीतलं, अगदी कोरं. आणि दुसरी, अहो काय सांगू, पुरुष हार्मोनच्या गोळ्यांची शिशी!

आज हार्मोन हा शब्द शाळेतली मुलंही वापरतात. तेव्हा मला त्याने वेड लावलं होतं. मिशी फुटते, आवाज घोगरा होतो, अंगात रग येते, ते सगळं वृषणातल्या एका रसामुळे होतं. तो रस माणसाने कारखान्यात बनवला, त्याची गोळी केली, आणि ती गोळी कर्जतसारख्या गावात माझ्या कपाटात! उतारवयात ज्यांची ताकद ओसरते त्यांना ही द्यावी, असं शिशीसोबतच्या कागदावर होतं. मी तो कागद इतक्यांदा वाचला की त्याची घडी फाटली.

"डॉक्टर, आधी पेटी उघडायची का?" कंपाउंडरने यंत्राकडे बोट दाखवत विचारलं.

"ती कुठे पळून जाते का?" मी म्हणालो. त्याने भिंतीकडे पाहिलं.

आणि दुसऱ्याच दिवशी मामा आले.

मामा म्हणजे पळसदरीच्या पलीकडच्या वाडीतले शेतकरी. पंचावन्नच्या आसपासचे, तांबूस चेहऱ्याचे, मानेला घडी पडलेली, कानावर बिडी खोवलेली, हात असे की फावडं लहान वाटावं. सगळी पंचक्रोशी त्यांना मामाच म्हणायची. भातशेती होतीच, पण त्यांचा नावलौकिक दोन गोष्टींसाठी होता. एक, कुणाचाही खोंड बडवून त्याचा बैल करायचा तर मामांनीच. लाकडाच्या दोन दांड्यांमध्ये धरून ते अंड बडवायचे, आणि त्यांच्या हातचा खोंड कधी दगावला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शर्यत. खालापूरच्या माळावर माघात छकड्यांच्या शर्यती व्हायच्या, आणि त्यात मामांचा छकडा कित्येक वर्षं मागे पडला नव्हता.

बाकड्यावर बसून मामांनी उजवा हात पुढे केला.

"डाक्तर, कासरा धरला का ही बोटं झोपतात. घटकाभरच. परवा तर कासरा सुटलाच हातातून. मग पुना समदं जागेवर. डोकंबी जड हाय. पयली ताकद नाय रायली बगा."

एवढ्या बोलण्यातलं मी काय ऐकलं? शेवटचं वाक्य! माझे डोळेच चमकले असतील. पन्नाशी उलटलेला पुरुष, ताकद ओसरलेली, आणि माझ्या कपाटात ती शिशी. मी आणखी दोन प्रश्न विचारले, जे पुरुषाला खाजगीत विचारायचे असतात. मामा हसले आणि म्हणाले, "आता काय त्याचं? मामीला इचारा, ती तर लाटणं घिऊन मागं लागंल."

झालं! मी टेबलावरची यंत्राची पेटी कोपराने बाजूला सरकवली आणि शिशी मधोमध ठेवली. आता या माणसाला हार्मोन समजवायचा कसा? मग मला सुचलं, आणि सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

"मामा, तुम्ही खोंड बडवता तेव्हा त्याचं काय जातं?"

"रग जाती. मान उतरती. डुरकणं जातं. गुणी व्हतो, पर इस्तू इझल्यावानी व्हतो."

"ती रग म्हणजे एक रस असतो. तुम्ही बडवता तेव्हा त्या रसाचा झरा बंद होतो. तोच रस या गोळीत आहे!"

मामा पुढे सरकले. शिशी उचलून उजेडात धरली. "म्हंजे बडवल्यानं जातं, त्यो ह्यात हाय?"

"तोच."

"बैलाचा?"

"बैल काय नि माणूस काय, सारखंच!" मी टेबलावर हात आपटला. "रोज एक गोळी, जिभेखाली धरायची. महिन्याभरात बघा."

मामा शिशी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी शर्यतीच्या त्या वर्षीच्या बैलाची गोष्ट काढली. पांढऱ्या कपाळाचा, घरच्याच गाईचा. तीन वर्षांचा असताना नुसता वारा प्यायलेला. एकदा त्याने पुतण्याला शिंगावर घेतलं, म्हणून पुतण्या हट्टाला पेटला आणि मामांनी स्वतःच्या हाताने तो खोंड बडवला. "तवापून त्यो पळतो, डाक्तर, पर मनातनं पळत नाय. लय जिवाला लागलंय." मी मान डोलावली, पण माझं लक्ष शिशीवर होतं. बैलाला खायला काय घालता, असं मी उगाच बोलायचं म्हणून विचारलं. मामा एकदम ताठ झाले. "ते नाय सांगायचं. शर्यतीच्या बैलाचा खुराक घरच्या बायलीलाबी सांगत नाय आमी. गुलाल पडंपत्तुर कुनालाच नाय. दिष्ट लागती."

मामा शिशी धोतराच्या सोग्यात बांधून गेले. मी इतका आनंदात होतो की कंपाउंडरला चहा पाजला.

कार्तिक संपता संपता, भात झोडपणीच्या दिवसांत, भर सकाळी मामांचा पुतण्या घामाने निथळत दवाखान्यात आला. तो तिशीतला गडी, एरवी मिशीला पीळ देणारा. त्या दिवशी मिशीकडे त्याचं लक्ष नव्हतं. "डाक्तर, चला. मामांच्या अंगावरनं वारं गेलं."

मी सायकल काढली. पळसदरीपर्यंतचा रस्ता मी कसा काटला ते मला आठवत नाही. पेटी मागे बांधली होती, ती खडखडत होती. मामा खळ्याच्या कडेला घोंगडीवर पडले होते. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी ते कोरं यंत्र पहिल्यांदा त्यांच्या दंडाला बांधलं. पारा वर गेला, आणखी वर गेला, थांबेचना.

"गोळ्या घेत होते ना?" मी मामींना विचारलं. मामी म्हणजे वाळकी, चपळ, बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. तिने आतून शिशी आणली. रिकामी.

"येकबी चुकवली नाय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून आदी त्याच काढायचे. तुमच्यावर लय भरवसा डाक्तर."

पुतण्या मागे उभा होता. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मग गोठ्याकडे निघून गेला. मी शिशी खिशात टाकली. रोग्याच्या घरातून औषधाची शिशी चोरणारा डॉक्टर मी पहिलाच असेन!

झोप उडाली हो माझी. चांगला खणखणीत माणूस. मी त्याला रग यायचं औषध दिलं, आणि ती रग रक्तात चढली, दाब वाढला, मेंदूतली शीर बंद पडली, नाहीतर फुटली. किती सरळ हिशेब! होती नव्हती तेवढी पुस्तकं मी चाळली. मुंबईच्या माझ्या गुरुजींना पत्र लिहिलं. या हार्मोनने वारं जातं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्या गोष्टीचं आपल्याला कळत नाही ती इतक्या हौसेने देऊ नये, एवढंच त्यांनी कळवलं. ते वाचून माझे कान लाल झाले.

कंपाउंडरला मी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं बघताय. वारं बायकांवरून जास्त जातं की पुरुषांवरून?"

"चाळिशी-पन्नाशीत म्हणाल तर पुरुषच जास्त दिसले," तो म्हणाला. "पण पुरुष बिडी ओढतात, ताडी पितात, आणि वारं गेलं की दवाखान्यात आणले जातात. बाईला कोण आणतो?"

अशा माणसाला, तो भिंतीकडे बघतो म्हणून, मी मूर्ख समजत होतो! त्याने एका वाक्यात माझी अर्धी पुस्तकं निकालात काढली.

दर आठवड्याला मी सायकल मारत वाडीवर जायचो. मामींनी मामांच्या हातापायाला पारव्याचं रक्त चोळायला सुरुवात केली होती. त्याने वारं उतरतं असा सगळ्यांचा समज. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी दिलेल्यापेक्षा पारव्याचं रक्त कितीतरी बरं, असं मला वाटलं. मी मीठ तोडायला सांगितलं, हातपाय हलवायला शिकवलं. पाय हळूहळू परत आला. हात काही येईना. आणि वाचा? वाचेत एकच शब्द उरला होता, नाय.

"मामा, तुम्ही गोळ्या घेत होतात?"

"नाय."

मला क्षणभर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "नव्हता घेत?"

"नाय."

"मामा, जेवलात का?"

"नाय."

"बगा की!" मामी कडाडली. "आत्ता दोन भाकरी हाणल्या, मागनं ताक घेतलं, आन नाय म्हणं! दोन भाकरी काय भुतानं खाल्ल्या?" मामा डाव्या बाजूने हसले. आम्ही तिघेही हसलो. पण परतताना सायकलवर मी जवळजवळ रडलो. सगळ्याच प्रश्नांना एकच उत्तर देणाऱ्या माणसाकडून मी माझी सुटका मागत होतो.

शेवटी मी ठरवलं. आपण दिलेल्या औषधाने हे झालं असं या लोकांना तोंडावर सांगायचं. दवाखाना बंद पडला तर पडला. माघातल्या शर्यतीला मामा येणार होते, गाडीत गोधडीवर टेकून. मामी येणार होती. तिथेच सांगू, चार माणसांत, म्हणजे आपल्याला मागे फिरता येणार नाही.

खालापूरचा तो माळ! भात कापून झालेली शेतं, त्यांच्या पलीकडे सपाट जागा, आणि दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत. पोरं झाडांवर चढलेली, भजीवाल्याच्या कढईचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मी कबुली द्यायला आलो होतो, तरी खोटं कशाला सांगू, माझं रक्त उसळायला लागलं होतं. मामांची गाडी अगदी पुढे लावली होती. त्यांच्या मांडीवर जुना कासरा होता. तो घेतल्याशिवाय ते घरातून निघालेच नाहीत, मामी म्हणाली. पुतण्या छकड्यावर उभा राहिला. जुवाखाली उजवीकडे तो पांढऱ्या कपाळाचा बैल.

"मामी, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी सुरुवात केली.

"मागनं सांगा!" ती ओरडली. "सुटले!"

आणि सुटले! चार छकडे एकदम, धुरळ्याचा लोट, "हाण रं! हाण रं!" असा गदारोळ. अर्ध्यापर्यंत मामांचा छकडा तिसरा होता. मग तो बैल पांढरं कपाळ खाली घालून असा काही निघाला की त्याच्या जोडीचा बैल नुसता ओढला जात होता. छकडा दुसरा झाला. मी गाडीच्या चाकावर चढलो होतो आणि ओरडत होतो, काय ओरडत होतो देव जाणे. मामा डाव्या हाताने हवेत कासरा झटकत होते. शेवटच्या टप्प्यात आमच्या बैलाचं नाक पुढे गेलं, खांदा पुढे गेला, आणि संपलं! गुलाल उडाला. एका अनोळखी माणसाने मला उचललं, मी त्याला उचललं.

पुतण्या गुलालाने माखलेला धावत आला आणि माझ्या पायावरच पडला. "डाक्तर! तुमच्या गोळ्यांनी जितलो!"

"कसल्या गोळ्या?"

"अवो, मामांना दिलेल्या! समद्या ह्या बैलाला घातल्या. रोज सकाळी भाकरीत गुळासंगं. मामा म्हनले, बडवून म्या काढून घेतलं त्येचं, आता म्याच त्येला परत देनार. डाक्तर म्हनलेत, बैल काय नि मानूस काय, सारखंच. मला शपथ घातली, गुलाल पडंपत्तुर बोलायचं नाय. आज पडला!"

 मग माझ्या तोंडून जी आरोळी फुटली ती ऐकून बैल बिथरले. मामांनी एकसुद्धा गोळी खाल्ली नव्हती! त्या चिमुकल्या गोळ्या एवढ्या धुडाला म्हणजे दर्यात खसखस. बैल जिंकला तो स्वतःच्या पायांनी. मला त्याचं काय! मी टोपी हवेत फेकली. पुतण्याला मिठी मारली, मामींना हात जोडले, भजीवाल्याकडून भज्यांचा पुडा आणून समोर दिसेल त्याला वाटला. तीन महिन्यांचं ओझं उतरलं होतं. मी नाचलो, हो, भर माळावर, पदवीधर डॉक्टर, नाचलो!

"मामा!" मी गाडीशी धावत गेलो. "तुम्ही खाल्ल्याच नाहीत! तुम्ही मला खरंच सांगत होतात!"

"नाय," मामा म्हणाले आणि हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बैलाकडे बघत होते.

मग त्यांनी एक गोष्ट केली. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. कासऱ्याचं टोक त्या बोटांत अडकवलं, एकेक बोट मिटवलं, आणि डावा हात काढून घेतला. बोटं उघडली. कासरा घसरून गोधडीवर पडला. त्यांनी पुन्हा अडकवला. पुन्हा पडला.

माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. पहिल्या दिवशी बाकड्यावर बसून हा माणूस मला हेच सांगत होता. बोटं झोपतात, घटकाभरच, कासरा सुटला, डोकं जड आहे. शिकलेल्या डॉक्टरला ही वाऱ्याची वर्दी ओळखू यायला हवी होती. गोळ्या बैलाच्या पोटात गेल्या, तर मग खळ्यावर यंत्रात चढलेला तो पारा कशाने चढला? दाब आधीपासूनच होता. दसऱ्यालाही असणार. आणि यंत्राची ती कोरी पेटी मी स्वतःच्या कोपराने बाजूला सरकवली होती, शिशीला जागा हवी म्हणून.

त्यानंतर मी चाळीस वर्षं वैद्यकी केली. पुढे मी वाचत गेलो, की हा हार्मोन बाहेरून दिला तर रक्त दाट करू शकतो. आणि असंही वाचलं, की ज्या पुरुषांच्या अंगातला तो कमी होतो त्यांच्यात वारं जाण्याचं प्रमाण अधिक दिसतं. शास्त्र अजून दोन्ही तोंडांनी बोलतं, आणि मी तरुण डॉक्टरांना तसंच सांगतो. पण मामांचा हात त्या प्रश्नात अडकलेला नव्हता. दाब वेळेवर दिसला असता तर मीठ तोडता आलं असतं, बिडी सोडवता आली असती, झोडपणीला जाऊ नका म्हणता आलं असतं. त्याने वारं टळलंच असतं असं नाही. पण मी मोजायला तर हवं होतं.

"काय सांगायचं व्हतं, डाक्तर?" मामी म्हणाली. तिच्या कपाळावर गुलाल होता.

मी गाडीच्या दांडीला धरून खाली बसलो आणि सांगितलं. जे सांगायला आलो होतो ते नाही, हे दुसरं. पेटीचं, कोपराचं, सगळं.  मामीने कासरा उचलून गुंडाळला. मी मामांचा गेलेला हात हातात घेतला. तो गरम होता आणि अजूनही फावड्याएवढाच होता.

"माझं चुकलं, मामा," मी म्हणालो.

"नाय," मामा म्हणाले.

पण ते सगळ्यालाच नाय म्हणायचे.